उंबरदरीचं तिसरं लेणं

सांगते, पण मधे काही विचारू नकोस. जेवढं मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच मला सांगता येईल.

अठ्ठ्याऐंशी सालचा मार्गशीर्ष असावा. मी तेव्हा मुकुंदवाडीच्या शाळेत शिकवत होते आणि आई माझ्याकडंच राहायची. कन्नडला मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून आम्ही दोघी रविवारी एसटीनं गेलो. कार्यक्रम झाला, जेवणं झाली, बायकांच्या गप्पा झाल्या. सोमवारी परत निघायचं होतं. सकाळी मला जाग आली ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. आई मामीच्या चुलीपुढं बसली होती. चार भाकरी झाल्या होत्या, पाचवी तव्यावर होती.

"वाटेत खायला एवढ्या कशाला?" मी विचारलं.

"वाटेत न्हाय," आई म्हणाली. "उंबरदरीची लेणी बघून जाऊ."

मी बघतच राहिले. उंबरदरी म्हणजे आमचं गाव. डोंगराच्या पोटातलं, साठ-सत्तर उंबऱ्यांचं. माझं सगळं लहानपण तिथं गेलं. उंबराखाली भरणारी शाळा, वेशीतला मारुती, तिन्हीसांजेला गावावर तरंगणारा गोवऱ्यांचा निळा धूर. तसा धूर मी पुन्हा कुठल्या गावावर पाहिला नाही. त्र्याहत्तर साली धरणाचं पाणी भरलं आणि गाव खाली गेलं. वरच्या कड्यातली लेणी तेवढी राहिली. पूर्वी गावातून पायवाटेनं जायचे, आता नावेतून जावं लागे.

पण त्या लेण्यांचं नावसुद्धा आईनं कधी काढलं नव्हतं. शाळेतली सगळी पोरं तिथं आवळे खायला जायची. मला मात्र आईनं एकदाही जाऊ दिलं नाही. एकदा मी चोरून गेले, तर तिनं मला मारलं नाही. नुसती उंबऱ्यात बसून रडली. म्हणून पुन्हा गेले नाही.

मामीनं जीप सांगून दिली. अकराच्या सुमाराला आम्ही पाण्यावर पोहोचलो. काठावर एकच नाव होती आणि एकच नावाडी. पन्नाशीचा असेल. पांढरी दाढी, चौकड्याची लुंगी, उन्हानं रापलेला चेहरा. नाव नूरमोहम्मद. होडी त्याचीच आणि लेणी दाखवणारही तोच. नावेत पोत्यात गुंडाळलेला कपाटाच्या दाराएवढा आरसा होता, आणि घडी घातलेली पांढरी चादर.

"आरसा कशाला?" मी विचारलं.

"आत लाइट नाय ना, ताई. ऊन संगं न्यावं लागतं."

आईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि पदर पुढं ओढून घेतला.

नाव निघाली. पाणी इतकं स्थिर होतं, की डोंगर खाली उलटा दिसत होता. नूरमोहम्मद पाठ असलेलं सांगत होता. लेणी दोन हजार वर्षांची, भिक्खू लोक पावसाळ्याचे चार महिने इथं मुक्काम करायचे, व्यापाऱ्यांचे तांडे खालच्या वाटेनं जायचे. मी ऐकत होते. आई मात्र पाण्यात बघत होती. मधेच ती हळूच म्हणाली,

"हितं मारुती."

नूरमोहम्मद बोलायचा थांबला.

"आता उजव्या हाताला उंबर. त्याच्या मागं आमचं आंगण. आन् हितून वर गेलं की कय्युमचाचाचं घर."

वल्ही थांबली. त्यांच्यावरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"कय्युम माझा बाप," तो म्हणाला. "लेण्यांचे चौकीदार होते. तुम्ही..."

"तात्यासाहेबाची सून. द्वारका."

त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मला सांगता येणार नाही. शेवटी तो लहान मुलासारखा एवढंच म्हणाला, "भाबी?"

आणि तेव्हाच मला वास आला. गोवऱ्यांच्या धुराचा, आणि त्यात ताज्या भाकरीचा. आधी वाटलं, आईच्या गाठोड्याचा असेल. पण आईच्या भाकरी गार झाल्या होत्या, आणि हा वास चुलीवरचा होता, गरम, पाण्याच्या अंगानं वर येणारा. चारी बाजूंना कोस कोस वस्ती नव्हती. मी नूरमोहम्मदकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि वल्ही उचलली.

"येतो कधीकधी," तो म्हणाला. "भाकरीच्या वक्ताला."

लेण्यांच्या पायऱ्या थेट पाण्यातून वर येत होत्या. त्यानं नाव बांधली, आरसा पाठीवर घेतला. पहिलं लेणं लहान, दुसऱ्यात स्तूप. तो बाहेर उन्हात आरसा धरायचा, मी आत चादर ताणून उभी राहायची. आरशातलं ऊन चादरीवर पडायचं आणि सगळं दालन दुधासारख्या उजेडानं भरून जायचं. छतावरची कमळं, खांबांवरचे हत्ती. मी हरखून बघत होते. आई कुठंच बघत नव्हती.

तिसरं लेणं मोठं होतं. मधे चौक, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या अंधाऱ्या कोठड्या, प्रत्येकीत झोपायला एक दगडी ओटा. नूरमोहम्मदनं एकेक कोठडी उजळून दाखवली. डाव्या अंगाची शेवटची तेवढी सोडली.

"तिथं टाक उजेड," आई म्हणाली.

"तिथं मी टाकत नाय, भाबी. चाळीस वर्सं झाली."

आई चौकातच खाली बसली. गाठोडं मांडीवर घेतलं. तोही आरसा टेकवून दारात बसला. मग आई बोलायला लागली, माझ्याकडं न बघता.

पोलीस ॲक्शन झालं ते दिवस. आधी रझाकारांनी गावं जाळली होती. मग निजाम शरण आला आणि दुसऱ्या बाजूनं सूड सुरू झाला. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावरही. कय्युमचाचा पगाराला औरंगाबादला गेलेले, ते तिकडंच अडकले. घरात त्यांची बायको नजमा, अकरा वर्षांचा नूर आणि त्याची सात वर्षांची बहीण, राहत. आई तेव्हा वीस वर्षांची, नवी सून. नजमा तिची मैत्रीण. शेजारच्या गावातून धूर दिसला, तशी आईनं रातोरात त्या तिघांना वर आणून या कोठडीत बसवलं. रोज सरपणाच्या निमित्तानं ती वर यायची. मोळीच्या फडक्यात भाकरी आणायची.

"आठ दिस आले मी," आई म्हणाली. "नवव्या दिशी पाण्यावर एकीनं इचारलं, द्वारके, रोज डोंगरात काय गं तुझं? बस. एवढंच इचारलं. त्या दिशी मी आले नाय. धाव्या दिशी पण नाय."

"तुम्हाला घरातून आडवलं आसंल," नूरमोहम्मद म्हणाला. "अम्मी हमेशा हेच म्हणायची. म्हणायची, द्वारकाला काय झालं तर नसंल? मरेपर्यंत तुमचीच फिकीर केली तिनं."

"मला कुणी नाय आडवलं, नूर." आईचा आवाज एकदम सपाट झाला. "सासऱ्यानं नाय, मालकानं नाय. मी भ्याले. भाकरी करून ठिवल्या व्हत्या. त्या मी म्हशीला घातल्या."

बाहेर पाणी पायरीला लागत होतं तेवढाच आवाज.

"राहत भुकेनं रडत व्हती," तो म्हणाला. "धाव्या दिशी सांजच्याला म्हणाली, भाबी येती का बघून येते. अम्मीचा डोळा लागला व्हता. मी म्हणलं, जा. लवकर ये." तो थांबला. "मी म्हणलं, भाबी. मीच जा म्हणलं."

राहत परत आली नाही. अकराव्या दिवशी बाप आला, त्यानं सगळी दरी पालथी घातली. ना चप्पल सापडली, ना ओढणी. उरलेल्या दोघांना घेऊन त्यानं त्याच रात्री गाव सोडलं. पुढं त्याच दरीत पाणी भरलं, आणि त्यानंतर नूर एकटाच परत आला.

दोघं चाळीस वर्षं आपापला दोष उरात घेऊन बसले होते, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. मी आईचा हात धरायला गेले. तिनं तो सोडवून घेतला आणि उठली.

"टाक उजेड, नूर. माझी भाकरी ऱ्हायलीय."

तो उठला. बाहेर जाऊन त्यानं आरसा धरला. मी चादर घेऊन चौकाच्या मधोमध उभी राहिले. ऊन चादरीवर आलं, मी ती डावीकडं कलती केली आणि उजेड त्या कोठडीत शिरला. छत काजळलेलं होतं, ओट्यावर धुळीचा जाड थर. आई दारात जाऊन उभी राहिली. तिची सावली मागच्या भिंतीवर पडली. वाकून तिनं भाकरी ओट्यावर ठेवल्या.

"उशीर झाला गं, बाई," ती म्हणाली. "लई उशीर झाला."

चादरीच्या उजेडात सावल्या पुसट पडतात, कडा विरघळलेल्या. त्यामुळं आधी मला वाटलं, आईच्या पदराचीच ती सावली. तिच्या कमरेइतकी. पण आई सरळ झाली, तरी ती तिथंच राहिली. दोन वेण्या होत्या. आईच्या आणि भिंतीच्या मधे कोणी नव्हतं. आईच्या शेजारीही नव्हतं. मी डोळे फाडून बघत होते. कोठडीत नुसती आई, आणि भिंतीवर दोघी.

"भाबी..." बाहेरून नूरमोहम्मदनं विचारलं, "कुणाशी बोलताय?"

त्याचं बोलणं ऐकून ती लहान सावली वळली. आईची तशीच पाठमोरी राहिली, आणि ही... दाराकडं वळली.

चादर माझ्या हातातून गळून पडली. अंधार झाला. मी आईला ओढतच बाहेर आणलं.

आई घाबरलेली नव्हती. बऱ्याच दिवसांनी पोटभर रडून झालेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा होता. नूरमोहम्मदनं आमच्याकडं पाहिलं, आरसा पोत्यात गुंडाळला. आम्ही पायऱ्या उतरलो. आई तिरकी उतरत होती, एकेक पायरी, एक हात मागं खाली सोडून.

आम्ही नावेत बसलो आणि नूरमोहम्मद चपापला. नावेचा काठ पाण्यापासून चार बोटांवर आला होता. येताना आम्ही तिघंच होतो, जातानाही तिघंच. तो वाकून फळ्या चाचपायला लागला. नावेचा तळ कोरडा होता.

"कुठं गळती आहे का?" मी विचारलं.

"नाय."

"मग?"

"बसा ताई. हलू नका."

त्याचे दंड फुगले, कपाळावर घाम आला. येताना वीस मिनिटं लागली होती, आता निम्म्यात यायलाच अर्धा तास झाला. ऊन उतरायला लागलं. पाण्याचा रंग काळसर झाला. बुडालेल्या गावाच्या वर आलो तसा तो थांबला. वल्ही आत घेतली. नाव जागच्या जागी उभी राहिली, जशी खालून कुणी धरली असावी.

तो पाण्याकडं बघत नव्हता. नावेच्या पुढच्या टोकाकडं बघत होता, जिथं कुणी बसलेलं नव्हतं.

"घर आ गया," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "उतरना है तो उतर जा... अम्मी नीचे है."

आई पदर तोंडावर धरून बसली होती. आम्ही वाट पाहिली. किती वेळ, कोण जाणे. पुन्हा तो धुराचा वास आला, माझ्या लहानपणीचा, आणि का कुणास ठाऊक, भीती वाटत असतानाही माझे डोळे भरून आले. त्या क्षणी खाली माझं गाव होतं, चुली पेटल्या होत्या, आणि मला कुणी हाक मारली असती तर मी उतरले असते.

नाव हलकी झाली नाही. नूरमोहम्मदनं उसासा टाकून वल्ही पाण्यात घातली.

काठावर जीपवाला वाट बघत होता. मी उतरले. आईला उतरवलं. नूरमोहम्मद गुडघाभर पाण्यात उतरून उभा राहिला. नावेचा काठ तसाच होता. चार बोटांवर.

आईनं परत फिरून नावेला हात लावायला पाहिलं. त्यानं तिचा हात धरला.

"आता नाय, भाबी. तुमचं काम झालं. तुम्ही लेकीसंगं घरी जावा."

"नूर, माझ्यावर..."

"नाय. काय नाय माझ्या मनात. जावा." मग तो जरा हसला. "मी बसतो जरा तिच्यापाशी. लई दिवसांची एकटी हाय."

जीप वळणावर आली तेव्हा मी मागं पाहिलं. दिवस मावळत होता. सगळं पाणी तांबूस झालं होतं. नूरमोहम्मद नावेत जाऊन बसला होता, आमच्या अंगाच्या टोकाला. चांगला उंचापुरा, भरल्या अंगाचा माणूस. त्याच्या वजनानं नाव आमच्याकडं कलायला हवी होती.

ती दुसऱ्या बाजूला कललेली होती. त्याचं टोक पाण्याच्या वर उचललं गेलं होतं आणि समोरचं, रिकामं टोक पाण्यात खोल गेलं होतं.

सात वर्षांच्या उपाशी पोरीचं वजन ते किती असणार?