डोळ्याचं दुखणं, पोटातले पहारेकरी

डोळा दुखतोय किमयाचा आणि मला पाठवलं तिच्या पोटात! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय? मी वाटाणा, वाटाण्याएवढा यंत्रमानव. दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर पोटदुखीचे रुग्ण बघायचो. वरच्या, डोळ्यांच्या मजल्यावर मला कधी कुणी बोलावलंच नाही.

सातवीतल्या किमयाचा डावा डोळा दोन वर्षं सारखा लाल होऊन अंधुक झाला होता. आता उजवाही लाल झाला, तेव्हा वरच्या मजल्यावरची तिची डोळ्यांची डॉक्टर आत्या म्हणाली, "एकदा पोटातही बघू." किमयाने मला घटकन गिळलं.

आतड्यात काय ही गर्दी! कोट्यवधी जीवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव). बहुतेक गुणी, अन्न पचवायला मदत करणारे. त्यांच्यावर नजर ठेवून रोगप्रतिकारक पेशी (शरीराचे पहारेकरी) फिरत होत्या. एका जातीच्या जीवाणूंपाशी त्या थबकल्या, खवळल्या आणि थेट रक्तात शिरल्या. मी त्यांच्यावर खुणा केल्या. त्या खुणा आत्याच्या पडद्यावर दिसू लागल्या.

"अगं बाई! या तर डोळ्यात निघाल्या!" आत्या ओरडली.

"पोटातल्यांचं डोळ्यात काय काम?" किमयाने विचारलं.

"त्या जीवाणूंचा एक तुकडा तुझ्या दृष्टिपटलातल्या (प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातल्या) प्रथिनासारखा दिसत असावा. एरवी डोळा कडक बंदोबस्तात असतो. शांत पहारेकऱ्यांना तिथे प्रवेशच नाही. पण खवळलेले आत घुसतात आणि तसाच चेहरा दिसला की तुटून पडतात."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!" मी आत्याच्या टेबलावरच्या स्पीकरमधून म्हणालो.

"मग ते जीवाणू मारून टाक ना!" किमया आत्याला म्हणाली.

"सरसकट मारले तर चांगलेही मरतील. तेवढेच कमी करून बघू, डोळ्यातले औषधाचे थेंबही चालू ठेवू. उजवा डोळा बहुधा वाचेल."

"आणि डावा?"

मला उत्तर माहीत होतं. त्या डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी केव्हाच गेल्या होत्या, त्या पुन्हा उगवत नाहीत. फार वाईट वाटलं मला.

"नाही गं, सोन्या," आत्या म्हणाली. "वाटाणा खालीच होता. एक जिना उतरायचं मला सुचलं नाही. डोळ्यात थेंबच घालत बसले."

मग किमया म्हणाली, "आत्या, बाहेर बाकावर एक छोटी बसलीय. तिचा अजून एकच डोळा लाल आहे."

दार उघडल्याचा आवाज आला. पाठोपाठ आत्याचा.

"बाळ, तुला वाटाणा गिळता येतो का गं?"