सोळावी जागा

समरजित माझ्या ऑफिसात आला तो चुकून. अलकापुरीतल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डावीकडे दातांचे डॉक्टर आणि उजवीकडे आमचं सहलींचं ऑफिस. दाढ दुखणारी माणसं पाट्या वाचत नाहीत. सुजलेला गाल धरून कुणी ना कुणी माझ्यासमोर येऊन बसतंच. यानं तर बसल्याबसल्या आ वासला.

"मिटा," मी म्हटलं. "मी सहली काढते, दाढा नाही."

तो लाजला, पण उठला नाही. "डॉक्टरांना अजून अर्धा तास आहे. बसलो तर चालेल ना?" मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाला, "हे कुठलं?"

"ओरसंग नदीचं खोरं. इथून दोन तास. चार लाकडी केबिन, प्रत्येकीत चार पलंग. समोर नदी. मोबाइलला रेंज नाही."

"रेंज नाही? मग आमच्या घरच्यांना तिथेच न्यायला हवं."

घरचे म्हणजे दांडिया बाजारातली पंधरा माणसं. दोन वर्षांपूर्वी याचा थोरला भाऊ, उदयसिंह, अपघातात गेला. तेव्हापासून ते घर कुठं बाहेर पडलंच नव्हतं. डिसेंबरच्या सुट्टीत सगळ्यांना एकदा नदीकाठी न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला, की मी माझी थट्टा आवरली.

पंधरा माणसांची सहल खरं तर दोन फोनमध्ये ठरते. आम्हाला दीड महिना लागला. कारखान्यातली ड्यूटी संपली की तो यायचा आणि आम्ही केबिनची वाटणी करायचो. त्याच्या वडिलांना, आबासाहेबांना, पायऱ्या चढवत नाहीत, त्यांना पहिली केबिन. मामा घोरतात, त्यांना शेवटची. आईसाहेबांसोबत उदयसिंहाच्या मागे राहिलेल्या वसुंधरावहिनी आणि त्यांची छोटी शिवांगी.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी मामांजवळ. माझी कुणाला दया येत नाही."

"मला येते हं. कानात घालायला कापूस देईन."

"फक्त कापूस?"

मी मान खाली घालून उगाच कागद सारखे केले. माझे कान गरम झाले होते, आणि त्याला ते दिसलंही.

नवरात्रात ऐन आठव्या माळेला पाऊस आला. गरब्याच्या मैदानाचा चिखल झाला, सगळे सैरावैरा पळाले आणि आम्ही दोघं सेव-उसळीच्या गाडीच्या ताडपत्रीखाली अडकलो. माझ्या चनियाचोळीच्या घेरातून पाणी गळत होतं. त्यानं स्वतःच्या रुमालानं माझ्या कपाळावरची ओली बट बाजूला केली. हात मात्र तिथेच राहिला.

"मोहना… चार केबिन म्हणजे सोळा पलंग. आम्ही पंधरा. सोळावी जागा धरून ठेव."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. तिथे नदीवर मी घरी सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

मी हो म्हणाले नाही. त्याच्या प्लेटमधला पाव मोडून खाल्ला. तो हसला, म्हणजे त्याला समजलं. भुसावळहून इथे आलेल्या रेल्वेवाल्याची मुलगी मी, त्या सोळाव्या पलंगावर किती रात्री मनातल्या मनात झोपले असेन, सांगायची सोय नाही.

दिवाळीनंतर वसुंधरावहिनी शिवांगीला घेऊन ऑफिसात आल्या. केबिनचे फोटो बघायचे होते. सगळे फोटो बघून त्यांनी एकच विचारलं, "नदीच्या बाजूला कठडा आहे ना? ही पाण्याकडे पळते." कठडा आहे म्हटल्यावर त्यांना इतकं हायसं वाटलं, की मी उठून त्यांच्यासाठी चहा मागवला. त्या मला मनापासून आवडल्या.

आठवड्याभरानं आईसाहेबांचा फोन आला. आवाज मोठा मायाळू.

"बेटा, वाटणीत थोडा बदल कर. वसुंधरा आणि शिवांगीला माझ्यातून काढ. समर, वसुंधरा आणि शिवू, तिघं एका केबिनमध्ये."

"तिघं?" मला वाटलं, ऐकण्यात काही घोटाळा झाला.

"देवदिवाळीनंतर घरातल्या घरात लग्न लावून देतोय दोघांचं. पोरीला बाप मिळेल, सून घरातच राहील. आणि माणसं पंधराच हं. समरनं सोळा कशी सांगितली, देव जाणे."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तो दोन दिवसांनी आला. दाढी वाढलेली. टेबलासमोर येऊन बसला.

"वहिनींना विचारलं कुणी?" मीच सुरुवात केली.

"मी विचारलं. त्या म्हणाल्या, माहेरी जाऊन शिवूला परक्याच्या ताटात जेवायला घालण्यापेक्षा हे बरं. आबासाहेब माझ्यासमोर रडले, मोहना. मी आयुष्यात त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तरी तू नको म्हण… तू नको म्हणालीस तर मी आज घरी जाऊन मोडतो."

मला राग आला. असा राग मला आजवर कुणाचा आला नव्हता.

"ज्याला मोडायचं असतं, तो मोडून मग येतो," मी म्हटलं. "तू मला विचारायला आलास, म्हणजे तुझं ठरलंय. उद्या मला आठवून स्वतःला म्हणशील, तिनेच सोडलं. ते मी तुला करू देणार नाही. घरी हो तूच म्हणालास. आता इथेही तूच म्हण."

त्याचे डोळे भरून आले. "हो," तो म्हणाला. "मी म्हणालो."

माझं प्रेम होतं त्याच्यावर. त्या क्षणीही होतं, थोडंही कमी झालं नव्हतं. मी कॉम्प्युटर माझ्याकडे ओढला. केबिनसाठी प्रत्येकाची माहिती भरावी लागते, आणि दुसऱ्या कुणाला हे काम देणं मला जमलं नसतं.

"तिसरी केबिन. नाव?"

"मोहना, राहू दे ना—"

"नाव सांग."

"वसुंधरा."

"वय?"

"एकतीस."

"बुकिंग करणाऱ्याशी नातं?"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मी थांबले. हा शब्द त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तो लिहिणार नव्हते.

"पत्नी," तो म्हणाला.

मी लिहिलं. एक अक्षर चुकलं नाही.

"दुसरं नाव?"

"शिवांगी. वय पाच." मग मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "पुतणी." आणि लगेच, घाईघाईनं, "नाही… मुलगी. मुलगी लिही."