सतरा नंबरचा पेला

फोन वाजला तेव्हा ती शाळेच्या कोपऱ्यावरच होती. टिकलीला फाटकातून आत सोडून पंधरा मिनिटंही झाली नव्हती.

"टिकलीची आई ना? मुख्याध्यापिका बोलतेय. आत्ताच्या आत्ता तिसरी 'ब'च्या वर्गात या."

ती तिथूनच मागे वळली. "पडली का ती? कालचाच ताप अजून..."

"तिला काहीही झालेलं नाही. तिने काय केलंय ते बघायला या."

दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात तीस मुलं बाकांवर बसली होती. हाताची घडी, तोंडावर बोट. एवढी मुलं आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. टिकली फळ्याजवळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. बाकी सगळ्यांची तोंडं टिकलीकडे.

खिडकीच्या कट्ट्यावर एकतीस प्लास्टिकचे पेले होते. प्रत्येकावर हजेरी नंबराची चिठ्ठी, प्रत्येकात घेवड्याचं एक रोप. महिनाभर मुलांनी तळहाताच्या फोडासारखी जपलेली रोपं. उद्या, शनिवारी, पालक-दिनाला ती मांडायची होती. सगळ्यांत उंच रोपाला बक्षीस होतं.

तीस रोपं आडवी झाली होती. देठ लोळागोळा, पानं कागदासारखी. माती कोरडी होती आणि तिच्यावर पांढरी खरखरीत कड धरली होती.

सतरा नंबरचं रोप मात्र ताठ उभं होतं. त्या पेल्यातली माती ओली होती. सतरा म्हणजे टिकली.

"रंगेहाथ पकडलंय," वर्गाच्या बाई म्हणाल्या. वय तिशीच्या आसपास, इस्त्रीची कडक साडी, आवाजालाही तशीच इस्त्री. "मी वर्गात शिरले तर ही एकटी कट्ट्यापाशी. हातात बाटली. सगळ्यांच्या रोपांना मिठाचं पाणी घातलं आणि स्वतःचं तेवढं वाचवलं. मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही. दिसलं तसं ठेवलंय."

"टिकली, तू काय करत होतीस?"

भिंतीकडूनच आवाज आला. "माझं कालचं पाणी राहिलं होतं."

"ऐकलंत? अजून थापा मारतेय," बाई म्हणाल्या.

तिने टिकलीची बाटली उचलली, झाकण काढलं आणि दोन घोट घेतले. "साधं पाणी आहे."

"नंतर धुतली असेल. आजकालच्या मुली काय कमी असतात?"

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला. तो परत डोळ्यांवर चढला तेव्हा निर्णय झालेला होता. "उद्या दहा वाजता सगळ्या पालकांसमोर ही स्टेजवर माफी मागेल. नाहीतर सोमवारी येऊन दाखला घेऊन जा."

बाईंनी माफीसुद्धा लिहून तयार ठेवली होती. रेघी कागदावर टपोऱ्या अक्षरात तीन ओळी: 'वर्गातल्या सगळ्यांची रोपं माझ्यामुळे मेली. वर मी खोटं बोलले. मला माफ करा.'

"पाठ करून घ्या हिच्याकडून. आणि मावशी, हा कचरा उचला बघू," बाईंनी बाहेर फरशी पुसणाऱ्या मावशींना सांगितलं.

"पेले टाकू नका," ती पटकन म्हणाली. का म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं. लग्नाआधी वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली होती, बहुधा तीच बोलली.

"पुरावा नष्ट व्हायला हवा असेल ना खरं तर तुम्हाला?" बाई हसल्या.

"राहू देत," मोठ्या बाई म्हणाल्या. "पालकांनाही दिसू दे."

टिकलीचं दप्तर घ्यायला वाकताना तिने एका पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट. निघताना तिची नजर दारामागच्या तक्त्यावर गेली. उद्याच्या कार्यक्रमांची यादी होती. चार नंबरवर कागदाची नवी पट्टी डकवलेली होती: 'कवितापठण'. पट्टीचा डिंक अजून ओला होता, एक कोपरा उचकटून वर आला होता.

*

जिन्याखालच्या नळावर साफसफाईच्या मावशी फडकी पिळत होत्या.

"पोरगी तुझी?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"हो. मावशी, वर्ग कोण उघडतं?"

"मी. दुसरं कोण मरायला येतंय? सात वाजता."

"तेव्हा रोपं पाहिलीत?"

"मी फरशी बघते गं बाई, रोपं नाही. आणि काल दुपारी तर फरशीनेच जीव काढला. फळ्याखाली काय सांडून ठेवलं होतं देव जाणे, पायाखाली नुसतं करकर. दोनदा पुसली."

"आज सकाळी आधी कोण आलं?"

"तुमच्या बाई. सात-पाचला. इथंच जग धूत होत्या, तो झाडांना पाणी घालायचा, हिरवा. मी म्हटलं, आणा, मी धुते. तर अंगावर खेकसल्या." मावशींनी फडकं झटकलं. "तीन वर्षांत त्या बाईने चहाचा कप विसळलेला नाही. आजच कुठून कामाचा पुळका आला?"

"आणि टिकली?"

"ती मागाहून आली. हे बघ, मी तुला काही सांगितलेलं नाही. मला इथं अजून चार वर्षं काढायचीत."

*

घरी टिकलीच्या अंगात पुन्हा कणकण होती. तिला मांडीवर घेऊन तिने तपासच सुरू केला.

"कालचं पाणी राहिलं म्हणजे?"

"तू मला न्यायला आलीस ना, मग राहिलं."

काल दहा वाजता शाळेतून निरोप आला होता, की मुलीला ताप आहे, घेऊन जा. फाटकावरच्या अर्ध्या रजेच्या वहीत तिनेच सही केली होती.

"पाणी कधी घालता तुम्ही?"

"शेवटच्या तासाला. मॉनिटर जग धरतो आणि आपण नंबराने जायचं, आपल्या बाटलीचं झाकण घेऊन. दोन झाकणं. दुसऱ्याच्या पेल्यात घालायचं नाही, तसा नियमच आहे. आजारी असलं तरी नाही."

"कालच्या शेवटच्या तासाला बाकी सगळे होते?"

"मीच नव्हते." टिकलीने तोंड तिच्या कुशीत खुपसलं. "आई, स्टेजवर सगळ्यांचे आईबाबा असणार?"

"असणार."

"मी म्हणेन ते वाक्य. मग बाई रागावणार नाहीत ना?"

तिच्या मस्तकात तिडीक गेली. आठ वर्षांचं पोर न केलेला गुन्हा कबूल करायला निघालं होतं, फक्त कुणी रागावू नये म्हणून.

टिकलीने हौसेने घरीही दोन रोपं लावली होती. तिने एकाला मिठाचं दाट पाणी घातलं आणि घड्याळ बघत बसली. वीस मिनिटं झाली, रोप ताठ. तासाने पानं मलूल झाली. संध्याकाळी मान टाकली. माती मात्र अजून ओली होती. शनिवारी सकाळी सहा वाजता रोप आडवं होतं, आणि माती सुकून तिच्यावर पांढरी कड आली होती.

तिने मान हलवली. आता प्रश्न एकच उरला. मीठ वर्गात आलं कशाला?

*

त्याचं उत्तर तिला शाळेच्या फाटकावर मिळालं. तेही शिव्यांच्या वेष्टनात.

मॉनिटरची आई पालक समितीची अध्यक्ष होती. भोवती चार बायका, हातात पंखा, आणि आवाज समोरच्या दुकानापर्यंत.

"या, या! पोरीला घेऊन आलात? लाज कशी वाटत नाही? माझ्या लेकाचं रोप पहिलं येणार होतं. वर त्याचा प्रयोगही बोंबलला, तुमच्या कार्टीपायी."

"कसला प्रयोग?"

"अंडं तरंगायचा! आठ दिवस घरात प्रॅक्टिस चाललीय. माझी आठ अंडी फुटली. परवापर्यंत प्रयोग पक्का, काल सकाळी बाईंचा फोन, म्हणे रद्द. कविता म्हण. आयत्या वेळी कुठली कविता पाठ होते हो?"

"अंडं तरंगायला मीठ खूप लागत असेल," ती सावकाश म्हणाली.

"किलोभर! गुरुवारी तर वर्गात पूर्ण तालीम झाली. तुमची टिकली होती की नाही कोणास ठाऊक."

"नव्हती," ती म्हणाली. "ती नव्हती. थँक्यू हं."

"थँक्यू काय, थँक्यू? डोकं फिरलंय का बाईचं?" मॉनिटरची आई चार बायकांना विचारत राहिली.

*

पावणेदहाला तिसरी 'ब'चा वर्ग मुलांनी आणि पालकांनी भरला होता. मेलेल्या रोपांभोवती कुजबुज चालली होती. टिकली आईच्या पदराआड. कुणाच्या तरी वडिलांनी आपल्या मुलाला टिकलीपासून हाताला धरून लांब ओढलं. ते तिने पाहिलं आणि मनातल्या वहीत टिपून ठेवलं.

"चला," बाई म्हणाल्या. "पाठ झालं ना?"

"त्याआधी मला बोलायचंय. मोठ्या बाई, पाच मिनिटं द्या."

"ही जागा नाही," बाई म्हणाल्या.

"माझ्या मुलीला उभं करायला जागा आहे, मग मलाही असू दे." ती कट्ट्यापाशी जाऊन उभी राहिली. "काल साडेसातला मी इथे आले तेव्हा फक्त एकाच पेल्यातली माती ओली होती, सतरा नंबरच्या. बाकीची कोरडी, वर मिठाची कड. माझ्या मुलीने दहा-पंधरा मिनिटांपूर्वी मीठ घातलं असतं, तर सगळे पेले ओले असायला हवे होते. मी घरी करून पाहिलं. रोपाने मान टाकायला दिवस गेला आणि कड यायला रात्र. म्हणजे मीठ पडलं ते गुरुवारी. शेवटच्या तासाला, जेव्हा मुलं स्वतः पाणी घालतात."

पालक पेल्यांवर वाकून बघू लागले.

"म्हणजे आमच्याच मुलांनी घातलं म्हणता?" मॉनिटरची आई पुढे सरसावली.

"हो. प्रत्येकाने आपापल्या पेल्यात, दोन झाकणं. त्या बिचाऱ्यांना काय माहीत पाण्याच्या जगात काय आहे ते. टिकली तेव्हा घरी तापाने फणफणली होती. फाटकावरच्या वहीत माझी सही आहे, दहा वाजताची. म्हणून तिचं रोप वाचलं. शुक्रवारी ते राहिलेलं पाणी घालायला ती लवकर आली, स्वतःच्या बाटलीतून."

"आणि जगात मीठ आलं कुठून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

ती दारामागे गेली. उचकटलेली पट्टी धरली आणि ओढली. खाली लिहिलं होतं: '४. अंडं कसं तरंगतं?'

"गुरुवारी तालीम झाली. किलोभर मीठ विरघळवायला मोठं भांडं हवं, म्हणून बाईंनी झाडांचा जग घेतला. त्यातलं निम्मं पाणी बरणीत ओतलं, उरलेलं जगात राहिलं. थोडं मीठ फळ्याखालीही सांडलं होतं, ते पुसलं गेलं. जग मात्र तसाच राहून गेला, नेहमीच्या जागी. मग शेवटचा तास झाला."

"कल्पनाशक्ती छान आहे," बाई म्हणाल्या. ओठ पांढरे पडले होते. "पुरावा?"

"तुमचा शब्द. काल मला म्हणालात, 'सगळ्यांच्या रोपांना मिठाचं पाणी घातलं.' पुढच्याच दमात म्हणालात, 'मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही.' मातीवर नुसतं पांढरं दिसत होतं, बाई. चुना असेल, साबण असेल, फरशी पुसायची पावडर असेल. ते मीठ आहे हे मला जिभेला लावून कळलं. तुम्हाला हात न लावता कसं कळलं?"

बाईंनी कट्ट्यावरची नजर फळ्याकडे वळवली.

"चूक झाली असती तर झाली असती. मुलांची रोपं पुन्हा उगवली असती. पण तुम्ही काल सातला येऊन पाहिलंत आणि काय झालं ते तुमच्या लक्षात आलं. जग धुतलात, पट्टी चिकटवलीत. आणि तेवढ्यात समोर बाटली घेतलेली एक आजारी मुलगी सापडली."

"या बाईने कुणाला तरी फितवलंय!" बाईंचा आवाज चढला. "जग मी धुतला हे कोण म्हणतं?"

मागून फडक्याचा फटकारा ऐकू आला. "मी म्हणते," मावशी म्हणाल्या. "आणि फरशीही मीच पुसली. घ्या, काढा मला."

मोठ्या बाई पहिल्या बाकाकडे वळल्या. मॉनिटर छातीवरचा बिल्ला मुठीत घट्ट धरून बसला होता. "तू सांग, बाळ. गुरुवारी जग कुठून घेतलास?"

"हाताची घडी! तोंडावर बोट!" बाई ओरडल्या.

पोराचं बोट आपोआप ओठांवर गेलं. त्याच्याच नाही, वर्गातल्या सगळ्या मुलांचं. एकतीस बोटं. पालक बघतच राहिले.

"बोट काढ," मोठ्या बाई हळू म्हणाल्या. "मी सांगतेय."

"टेबलावरून," मॉनिटर पुटपुटला आणि त्याला रडू फुटलं. "मला वाटलं बाईंनी साधं पाणी भरून ठेवलंय. बाई म्हणाल्या, रोपं तूच मारलीस. कुणाला सांगितलंस तर बिल्ला काढून घेईन आणि टिकलीच्या जागी तुला उभं करेन."

मॉनिटरच्या आईच्या हातातला पंखा खाली पडला. ती बाईंकडे अशी निघाली, की दोघातिघांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"मला कायम करणार होते या महिन्यात," बाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "तीन वर्षं तात्पुरती आहे मी. एका जगापायी..."

"माझी मुलगी आठ वर्षांची आहे," ती म्हणाली. "तिला कायमची गुन्हेगार ठरवत होतात."

खाली मैदानावर दहाची घंटा झाली. स्टेजवर माईक खरखरला.

तिने पर्समधून घडी घातलेला रेघी कागद काढला, उलगडला आणि बाईंच्या हातात ठेवला.

"घ्या. एक शब्दही बदलायला नको. अक्षर तुमचंच आहे, वाचताना अडणार नाही."

बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाईंनी दार पूर्ण उघडलं आणि बाजूला सरकून वाट करून दिली.

मागे कट्ट्यापाशी टिकली चवड्यांवर उभी राहून बाटलीच्या झाकणाने पाणी मोजत होती. एक. दोन.