वरून किती लांब

आलापल्लीजवळच्या नव्या धावपट्टीवरून चंद्रपूर सरळ रेषेत शंभर किलोमीटर. छोट्या विमानाला अठ्ठावीस मिनिटं लागत. सिंदेवाहीच्या साक्षी नर्सनं आठ रोगी असेच पोचवले होते. रस्त्यानं नेले असते तर त्यातले निम्मे वाटेतच गेले असते.

एप्रिलमधल्या त्या सकाळी मंगलीला आणलं. पहिलटकरीण, पाय सुजलेले, रक्तदाब चढलेला. तिची सासू बुधरी विमानापुढंच उभी ठाकली.

"गाडीनं न्या. वरून नाई."

"काऊन, बाई? अर्ध्या घंट्यात पोचते."

"वरून किती लांब आहे, तुमाले ठाव नाई." म्हातारी साक्षीच्या पायाशी थुंकली. धावपट्टीवरच्या दोघांनी तिला ओढून बाजूला केलं. कडेला अख्खं गाव उभं होतं. कुणी हात हलवला नाही.

अतुल पायलटनं साडेदहाला विमान उचललं. नवव्या मिनिटाला खाली वैनगंगा आली, वाळूनं पांढरी, एवढीशी धार. पलीकडं बोडका सागवान.

तेवढ्यात मंगली किंचाळली. साक्षी गुडघ्यांवर बसली. बाळ आलं. मुलगी. रडलीही लगेच. साक्षीनं चिमटा लावला, नाळ कापली, बाळाला टॉवेलात गुंडाळून मंगलीच्या छातीवर ठेवलं आणि घाम पुसत खिडकीबाहेर पाहिलं.

खाली वैनगंगा होती. दोन्ही काठ धरून, गढूळ, भरलेली.

"भाऊ, वापस वळले का?"

"नाई." अतुलनं मान वळवली नाही. "सरळच चाललो."

घड्याळात सोळा मिनिटं झाली होती. खालचा सागवान गच्च हिरवा झाला होता, शेंड्यांवर पांढरा फुलोरा. उंचीचा काटा हलला नव्हता, तरी ते शेंडे पंखांना लागतील इतके वर आले होते. गाव नाही, रस्ता नाही. पंख्याच्या आवाजातही पानांची सळसळ ऐकू येत होती.

बाविसाव्या मिनिटाला तिसऱ्यांदा नदी आली. काठानं धान पिकून पिवळं पडलं होतं.

"या वाटेवर नदी एकच आहे ना?"

अतुलनं होकायंत्राची काच बोटानं ठोकून पाहिली.

मंगली डोळे मिटून पडली होती. बाळ रडायचं थांबलं होतं.

मग एकाएकी धावपट्टी दिसली. उन्हात तापलेली, कोरडी. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी चाकं टेकली.

रुग्णवाहिकेपाशी डॉक्टरबाई उभ्या होत्या. त्यांनी टॉवेल बाजूला केला.

"बाळंत केव्हा झाली ही?"

"आत्ता. विमानात."

डॉक्टरबाईंनी बाळाच्या पोटावरून बोट फिरवलं. नाळ नव्हती. बेंबी केव्हाच भरून आली होती.

साक्षी वाकली. बाळानं तिच्याकडं रोखून पाहिलं, तिचं बोट मुठीत धरलं आणि तोंडात घातलं.

खालचे दोन दात तिला लागले.