खांद्याएवढी लाट

पहिल्याच दिवशी टिंगीने त्याला शिट्टी मारली. म्हणजे तसली नव्हे, गळ्यातली, जीवरक्षकाची. नुकतं उजाडत होतं आणि हा उंचाडा माणूस पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक वही डोक्यावर धरून, सरळ लाल निशाणाच्या दिशेने पाण्यात निघाला होता.

"अहो वहीवाले, मागे फिरा. तिथे पाणी आत ओढतं."

तो निमूटपणे मागे फिरला. टिंगी मनोऱ्यावरून खाली उतरली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली. ती त्याच्या छातीपर्यंतच येत होती, पण आवाज मात्र दोघांना पुरून उरेल असा होता.

"फळ्यावर लिहिलंय. वाचता येत नाही का?"

"वाचलं ना. खरं आहे का तेच बघत होतो."

"बुडून बघणार होतात?"

"गुडघ्यापर्यंतच जाणार होतो…"

"वाहून गेलेले सगळे आधी गुडघ्यापर्यंतच गेलेले असतात."

तो हसला. हसणं चांगलं होतं, डोळ्यांपर्यंत पोचणारं. आणि तिथेच टिंगीच्या मनात पाल चुकचुकली. सकाळी साडेपाचला ओली पँट घालून, वर ओरडा खाऊन जो माणूस इतकं गोड हसतो, त्याचा काहीतरी डाव असणारच.

तिचा संशय अगदीच हवेतला नव्हता. आठवड्यापूर्वी नगरपालिकेचं पत्र आलं होतं. किनाऱ्यावरचा हाताने लिहायचा फळा काढून तिथे हवामान कार्यालयाच्या अंदाजाचा पडदा लावण्याचा विचार आहे. तत्पूर्वी एकवीस दिवस फळ्याच्या अचूकतेची गुप्त तपासणी होईल, असं त्यात होतं. फळा गेला की मनोऱ्यावर माणूस कशाला हवा? म्हणजे टिंगीही गेली.

तो किनारा होताच तसा आडमुठा. ना आडोशाला डोंगर, ना खडक. वारा येईल तो सरळ अंगावर. पाण्याखाली वाळूचा एक लांब दांडा होता आणि लाटा त्याच्यावर येऊन फुटायच्या. सर्फिंगवाले जीव टाकायचे ते त्यासाठीच. पण दांडा एका जागी राहील तर शपथ. एक वादळ झालं की तो पन्नास पावलं सरकायचा आणि त्याच्यासोबत पाण्याची ओढही जागा बदलायची. म्हणून टिंगी रोज पहाटे स्वतः पाण्यात उतरायची. ओहोटी असेल तर दांड्यावर जाऊन उभी राहायची, भरती असेल तर अलीकडे थांबून फुटणारी लाट आपल्या अंगाशी ताडून बघायची. मग बाहेर येऊन फळ्यावर लिहायची: लाट खांद्याला. वारा जमिनीवरून, आठपर्यंत. ओढ लाल निशाणापाशी, उतरू नये. बावीस वर्षं हे काम तिच्या बाबांनी केलं, त्यांच्या गुडघ्याने दगा दिल्यापासून ती करत होती. सहा वर्षांत तिच्या फळ्यावर भरवसा ठेवून पाण्यात उतरलेला प्रत्येक माणूस सुखरूप परत आला होता.

वहीवाला दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. फळा वाचायचा, पाण्यात जायचा, एक हात छातीपाशी आडवा धरायचा, कुठल्याशा खुणा केलेल्या काठीकडे बघायचा आणि लिहायचा. अधूनमधून मान वर करून टिंगीकडे बघायचा… आणि पुन्हा लिहायचा.

"स्थळ आहे ते," कँटीनवाल्या काकी कॉफीचा कप पुढे सरकवत म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी पाठवलं असणार. पोरगी बघायला आलाय."

"रोज कोण बघतं?"

"काहींना उशिरा उमजतं."

बाबांना विचारलं तर ते उलट खूश झाले. "मी नाही पाठवला. पण आलाच आहे तर उंची विचारून ठेव. आपल्या घरात बल्ब बदलायला कोणीतरी हवंच आहे."

टिंगीने दोघांच्याही बोलण्याला भीक घातली नाही. तिला पक्कं ठाऊक होतं, हा नगरपालिकेचाच माणूस. मग तिने त्याला आडून आडून खोदायला सुरुवात केली.

"सर्फिंग करता का?"

"पोहताही जेमतेम येतं."

"मग इथे काय करता?"

"लाटा बघतो."

"घरी नळ नाही का?"

"आहे. पण नळ असा ओरडत नाही."

हे बोलताना त्याचे कान लाल झाले. टिंगीला हसू फुटत होतं, ते तिने दाताखाली दाबलं. साखर पेरून बोलणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. तरी रोज पाच वाजले की तिची नजर वाळूवरच्या त्या पायवाटेकडे जायची आणि तो दिसला की ती त्याची पावलं मोजू लागायची. त्याला ती संशय म्हणायची.

नवव्या दिवशी भुरभुर पाऊस होता. फळ्यावर खडू टेकला की अक्षर वितळायचं. ती तिसऱ्यांदा पुसून लिहायला लागली आणि पाऊस अचानक थांबला. मान वळवून बघते तर वहीवाल्याने आपली छत्री फळ्यावर धरली होती आणि स्वतः ओलाचिंब होऊन उभा होता. त्याच्या कानाच्या पाळीवरून एक थेंब ओघळत मानेवर उतरला. टिंगीने तो शेवटपर्यंत पाहिला.

"लिहा ना," तो हळूच म्हणाला.

तिने लिहिलं. काय लिहिलं, देव जाणे.

चौदाव्या दिवशी मात्र बिंग फुटलं, तेही वाऱ्यामुळे. तो पाण्यात होता आणि वही मनोऱ्याच्या पायरीवर ठेवलेली होती. एक झोत आला, पानं फडफडली आणि टिंगी वहीवर चप्पल ठेवायला गेली. तिने वाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण डोळ्यांना कोण आवरणार? वर हवामान कार्यालयाचा शिक्का, खाली तक्ता. तारीख, मोजलेली लाट, कार्यालयाचा अंदाज, फळा. आणि फळ्याच्या रकान्यात एकाखाली एक – चूक, चूक, चूक. चौदापैकी अकरा.

ती पायरीवर बसली. म्हणजे संशय खरा होता. तो हसत होता, छत्री धरत होता, आणि बाजूला तिच्या गळ्याला फास आवळत होता. खरं सांगायचं तर तिला फळ्याइतकंच त्या छत्रीचं लागलं.

तो पाण्यातून बाहेर आला तेव्हा वही तिच्या मांडीवर उघडी होती.

"अकरा दिवस चूक," ती म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून तो जास्तच घाबरला. "सहा वर्षं माणसं या फळ्याच्या भरवशावर जिवंत घरी जातात. आणि तुम्ही म्हणता चूक."

"मी सांगणारच होतो. तपासणी गुप्त ठेवायची अट होती…"

"गुप्तच ठेवायची होती तर गोड कशाला बोलायचं? मुकाट्याने गळा कापायचा."

त्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग भलताच प्रश्न विचारला.

"तुमची उंची किती आहे?"

टिंगी ताडकन उठली. "आता स्थळासारखे प्रश्न? लाज नाही वाटत?"

"वाटते. पण सांगा. कालपासून डोक्यात घोळतंय. काल तुम्ही माझ्या शेजारी पाण्यात उभ्या होतात. लाट तुमच्या खांद्याला लागली आणि माझ्या पोटाला. तुम्ही बाहेर येऊन फळ्यावर लिहिलंत, 'खांद्याला'… ते कोणाच्या खांद्याला?"

"माझ्या. दुसऱ्या कोणाच्या असणार? पाण्यात मी उतरते."

"आणि हे सगळ्यांना माहीत आहे?"

"शेंबड्या पोरालाही. बाबांच्या वेळी बाबांचा खांदा होता. मी आले तेव्हा इथल्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आता माप माझं."

तो मटकन वाळूत बसला. "कार्यालयात कोणालाच माहीत नाही हो. आम्ही सगळीकडे सरासरी माणसाचा खांदा धरतो. साडेपाच फुटी माणसाचा."

"सरासरी माणूस कधी आलाय का इथे पाण्यात उतरायला?"

त्याने पेन्सिल काढली आणि टिंगी मनोऱ्याच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली, अंगात धुसफूस शिल्लक असतानाच. तो वाकला. खांद्याजवळ खूण करताना त्याने बोट तिला लागू दिलं नाही, एवढी काळजी घेतली, की तिला ते लागल्यासारखंच वाटलं. मग कंबर. मग डोकं.

"चार फूट दहा," तो म्हणाला.

"आणि अर्धा इंच."

"आणि अर्धा इंच," त्याने लिहिलं.

मग दोघं पायरीवर बसून आकडे नव्याने तपासायला लागले. एकेक 'चूक' खोडली जात होती, त्याखाली सही, बाजूला 'बरोबर'. टिंगीचा संशय काही एवढ्यात मरणार नव्हता. ती प्रत्येक आकडा आपल्या बोटांवर पडताळत होती. आणि कार्यालयाच्या रकान्यात चौदापैकी आठच बरोबर होते.

"हा कार्यालयाचा अंदाज कोण लिहितो? त्याला कधी समुद्र दाखवलाय का?"

"पहिल्यांदा तुम्हीच दाखवलात. शिट्टी मारून."

ती बघतच राहिली. तो वहीतून मान वर करेना. "मीच लिहितो. तिथे बसून दांडा सरकलेला कळत नाही. आमच्या नकाशात तो दोन वर्षांपूर्वी जिथे होता तिथेच आहे. म्हणून मी स्वतः यायचं मागून घेतलं."

आता एकच ओळ उरली. नववा दिवस. तिथली 'चूक' खोडायला त्याने पेन उचललं, आकडे परत बघितले आणि पेन खाली ठेवलं.

"ही मात्र चूकच आहे. तुमच्या मापानेही. तुम्ही कंबर लिहिलंत आणि लाट चांगली खांद्याला होती. त्या पावसात कोणी उतरलं नाही, म्हणून निभावलं."

टिंगीचा चेहरा उतरला. तिला तो पाऊस आठवला. एखादं पोर कमरेचं पाणी समजून उतरलं असतं तर…

"खोडू का?" त्याने अगदी हळू विचारलं. "मी छत्री धरून मधेच घुसलो होतो. तो दिवस धरायचा नाही असंही म्हणता येईल."

हीच ती परीक्षा, टिंगीला वाटलं. मला खोटं बोलायला लावून बघतोय. की खरंच मला वाचवतोय? आणि वाचवत असेल तर ते जास्तच वाईट.

"खोडू नका," ती म्हणाली. "फळ्यावर खोटं लिहीत नाही, तर वहीत का लिहू? चूक ती चूक."

त्याने खोडलं नाही. पण तक्त्यात शेवटी एक रकाना होता, 'चुकीचं कारण'. तो रिकामा ठेवायची मुभा नव्हती.

"काय लिहू?"

"लिहा, लक्ष नव्हतं."

"कुठे होतं, हेही लिहावं लागतं."

टिंगीने समुद्राकडे पाहिलं. लाटा दांड्यावर येऊन नीट ओळीत फुटत होत्या. सहा वर्षांत तिला समोरचं पाणी वाचायला कधी इतका वेळ लागला नव्हता.

"तुमच्या कानावरून एक थेंब ओघळत होता," ती म्हणाली. "तिथे होतं."

त्याचा हात नकळत कानाकडे गेला. मग त्याने रकाना भरला. काय लिहिलं ते तिने बघितलं नाही आणि त्याने दाखवलंही नाही. उरलेले सात दिवस तो नेमाने आला, फळ्यापासून चांगला वीस पावलं लांब उभा राहून हात मागे बांधून थांबला, आणि सातही दिवस फळा बरोबर ठरला.

बाविसाव्या दिवशी त्याचं येण्याचं काही काम नव्हतं. तो आला नाही. तेविसाव्या दिवशीही नाही. काकींनी कॉफीसोबत एक शब्द काढला नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. टिंगीने स्वतःला बजावलं, बघ, सांगत होते ना, कामापुरता मामा. बजावून काही उपयोग झाला नाही. पंचविसाव्या दिवशी तिने लाट दोनदा ताडली, कारण पहिल्यांदा डोळ्यांत पाणी होतं आणि ते समुद्राचं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी तो पायवाटेवरून धावत आला, हातात नगरपालिकेचा लिफाफा.

"टपालाने उद्या येणारच होतं. मी म्हटलं, आपणच…" त्याला धाप लागली होती. "अहवाल दिला की निर्णय होईपर्यंत तुम्हाला भेटायला मनाई होती. लेखी."

तिने लिफाफा त्याच्याकडे रोखून बघतच फोडला. पत्र रुक्ष होतं. एकवीसपैकी वीस दिवस अचूक आढळल्याने फळा व तो लिहिणारी व्यक्ती कायम ठेवण्यात येत आहे. कार्यालयाने आपला अंदाज यापुढे फळ्याशी पडताळून घ्यावा. टिंगीने डोळे मिटले, एक मोठा श्वास घेतला. मग खाली आणखी एक ओळ दिसली.

'अहवालात नमूद कारण लक्षात घेता, फळा लिहिला जात असताना बाहेरच्या कोणत्याही व्यक्तीने जवळ उभं राहू नये.'

"हे कारण तुम्ही लिहिलंत," ती म्हणाली.

"खरं तेच लिहिलं. 'निरीक्षक फार जवळ उभा होता.' आता पडताळायला मला रोज यावं लागणार आणि जवळ तर उभं राहता येणार नाही." तो थांबला. त्याचे कान पुन्हा लाल झाले. "म्हणजे… बाहेरचा असेपर्यंत."

टिंगीने पत्राची नीट घडी घातली. त्याच्या चेहऱ्यावर काही डाव दिसतोय का, ते शेवटचं एकदा तपासून घेतलं. डाव होता. अगदी स्पष्ट होता.

"बाबा नऊला उठतात," ती म्हणाली. "तोवर वीस पावलं लांब उभे राहा."