दर चार सेकंदांनी

श्रवणतपासणी सोपी असते. काचेपलीकडच्या बंद खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो, सूर ऐकू आला की बटण दाबतो, आणि माझ्यासमोर दिवा लागतो. मध्येच मी काहीच वाजवत नाही. उगाच दाबणारे तिथे पकडले जातात.

वर्षभरात असे चौदा जण निघाले. शांततेत दाबायचे, तेही दर चार सेकंदांनी. विचारलं तर प्रत्येकजण ओशाळून म्हणायचा, कुणीतरी श्वास घेतंय. चौदाही जणांनी माझ्या धाकट्या भावाचा सिनेमा पाहिला होता.

बारा वर्षांपूर्वी उसन्या कॅमेऱ्यावर, घरच्याच दोन खोल्यांत त्याने तो भयपट काढला. संगीत परवडत नव्हतं. भुतासाठी त्याने आईचा श्वास वापरला. दवाखान्यात तिच्या उशीखाली माइक सरकवून चोरलेला. लोक अजून तो सिनेमा बघतात. मी भावाशी बोलणं टाकलं.

मंगळवारी दुपारी तो आला. कानात सतत काहीतरी चालू होतं, महिनाभर झोप नव्हती. ध्वनिमुद्रणाचं काम हातचं जायची वेळ आली होती.

"ताई, दुसऱ्या कुणाकडे जाऊ?"

"बारा वर्षांनी बरी ताई आठवली."

"तुझे पेशंट माझ्यामुळेच वाढलेत म्हणे. कमिशन दे."

मी हसले नाही. त्याला आत बसवून दार लावलं.

काहीच वाजवलं नाही. दिवा लागला. चार सेकंद. पुन्हा लागला. मला वाटलं, कुठून तरी ऐकून आलाय, मला पाझर फुटावा म्हणून नाटक करतोय.

मग सहा सेकंद. मग नऊ.

आईचे श्वास लांबत गेले तेव्हा हा चित्रीकरणात होता. उशाशी मी एकटीच, घड्याळ धरून. ते आकडे मी कुणालाही सांगितलेले नाहीत.

तेरा. एकोणीस.

त्यानंतर आईने एकच श्वास घेतला होता, सव्वीस सेकंदांनी.

मी माइकमध्ये म्हणाले, "पुरे. बाहेर ये."

त्याने डोळे मिटूनच मान हलवली. "थांब ना. संपत आलंय."

दार दोन पावलांवर होतं. मी उठले नाही. मोजत राहिले.

सव्विसाव्या सेकंदाला दिवा लागला. भावाची मान छातीवर कलली. बटण हातातून सुटून जमिनीवर पडलं.

ते तिथेच पडून होतं, तरी दिवा पुन्हा लागला. मग आणखी एकदा.

अंतर आता कमी होत होतं.