धरणाच्या पोटातली बादली

"बाबांना वेड लागलं होतं, त्यांनी जीव दिला, असं सगळे म्हणतात," चौकीदाराची मुलगी म्हणाली. "पण जीव द्यायला निघालेला माणूस स्वयंपाकघरातलं लिटरचं माप कशाला नेईल?"

वकीलबाई चष्मा पुसायच्या थांबल्या. वकिली सोडून त्या आता खासगी तपास करत. त्यांचे दीर, म्हणजे आपले भाऊजी, सोबतीला असत; डोकं वहिनीचं, पिशवी त्यांची.

"रोज न्यायचे माप?"

"छे. त्या सकाळी पहिल्यांदाच. मीच पिशवीत घालून दिलं. ते परत मिळालंच नाही. हे मी अजून कुणाला बोलले नाही. उगाच आणखी हसतील लोक."

धरण जुनं, लहानसं. त्याच्या भिंतीच्या पोटात एक बोगदा होता आणि त्यात उतरायला विहिरीसारखा उभा जिना. चौकीदार त्याच जिन्याखाली मरून पडलेला सापडला होता. धरणाची दारं चालवणारा दारवाला कंदील भाऊजींच्या हाती देऊन वरच थांबला.

"मी नाही येत. चौकीदार म्हणायचा, हल्ली धरण मोठ्यानं बोलतंय. खोटं कशाला सांगू, मलाही ऐकू येतं. त्या सकाळी मी चार मजुरांबरोबर दारांना वंगण घालत होतो, तरी अंगावर काटा आला होता."

खाली भिंतीतून झिरपलेलं पाणी एका नळीतून बादलीत पडत होतं. शेजारी कुणीतरी दबक्या आवाजात बोलतंय असं भाऊजींना सारखं वाटत होतं. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मागे ओली भिंत होती.

बादली भरेपर्यंत घड्याळाच्या टिकटिकीवर आकडे मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे चौकीदाराचं रोजचं काम. वहीत वर्षानुवर्षं चाळीस होते. गेल्या साली आकडा विसावर घसरला, म्हणजे गळती दुप्पट झाली. मग डागडुजी झाली आणि पुन्हा चाळीस.

भाऊजींनी मोजलं. बरोबर चाळीस. "झालं तर. धरण ठणठणीत आहे, वहिनी."

वकीलबाईंनी बादली उचलली. खालच्या दगडावर गंजाचं जुनं वर्तुळ होतं. बादलीचं बूड त्याच्याहून चांगलं चार बोटं मोठं होतं.

"जुनी बादली कुठंय?" त्यांनी वर हाक मारून विचारलं.

"गळायची ती. डागडुजी झाली तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी ही दिली," दारवाला म्हणाला.

इंजिनिअरसाहेबांनी कचेरीत खुर्च्या दिल्या, हळहळ व्यक्त केली. "मी त्या दिवशी शहरात होतो. आठवडाभर भेटच नव्हती आमची. डोकं फिरलं होतं बिचाऱ्याचं. घरचं माप घेऊन कुणी धरण मोजतं का?"

वकीलबाईंनी मुलीला आणि दारवाल्याला आत बोलावलं.

"तुमची डागडुजी फसली, साहेब. पण कागदोपत्री ती यशस्वी करायची होती. गळती दुप्पट, म्हणून तुम्ही बादली दुप्पट केली. आकडा पुन्हा चाळीस. चौकीदार प्रामाणिकपणे तोच लिहीत राहिला. पण पाण्याचा आवाज वाढलाय हे त्याच्या कानांना कळत होतं. शेवटी त्यानं बादली मापायला घरचं माप नेलं."

"हे तुम्ही कशावरून..."

"तुम्हीच आता बोललात. माप त्या सकाळी पहिल्यांदा बाहेर पडलं. ही पोर माझ्याशिवाय कुणाला बोलली नाही. ते पाहिलं असेल तर खाली त्याच्या शेजारी असलेल्या माणसानंच."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. मग खुर्चीत बसल्याबसल्याच ते लहान झाले.

"वर येऊन सगळ्यांना सांगतो म्हणाला. जिन्यात झटापट झाली. मी ढकललं. तो लगेच गेला नाही. खाली अंधारात पडून मोजत होता. एक, दोन, तीन... ते थांबेना. मी जिन्याचं दार लावून घेतलं."

मुलीकडे बघायचा भाऊजींना धीर होईना.

ती रडली नाही. दारवाल्याकडे वळली.

"काका, आधी भोंगा वाजवा, मग दारं उघडून धरणातलं पाणी उतरवा. भिंत फुटली तर खाली वस्ती आहे. ह्यांचं नंतर बघू."

दारवाला पळत सुटला.